त्रेचाळिसावं घर

आमच्या खोलीला मागच्या बाजूनं खिडकी नव्हती, आणि माय म्हणायची, देवानं तेवढी तरी दया केली. मागं जिनिंगचं आवार होतं. अकोल्यात कापसाचा जोर होता तेव्हा तिथं सरकी निघायची, गठाणी बांधल्या जायच्या, आणि त्या कामावरच्या माणसांसाठी मालकांनी बेचाळीस खोल्यांची लाइन बांधली होती. एका खोलीत एक घर. माझे बाबा तिथं प्रेसवर फिटर होते. जिनिंग चालू होती तेव्हाचं मला थोडंच आठवतं : सकाळचा भोंगा, ताटातल्या भाकरीवर येऊन बसणारी रुई आणि तेलकट, गोडसर असा सरकीचा वास. मग भोंगा बंद झाला. मालकांचे वारस कोर्टात गेले, यंत्रं भंगारात गेली आणि आवार उघडं पडलं. उघडी जागा दिसली की शहर तिचं काय करतं, ते मी लहानपणीच पाहिलं. हॉटेलांतलं उष्टं तिथं यायचं, कोंबड्यांची पिसं यायची, दवाखान्यातल्या रक्ताच्या पट्ट्या यायच्या. मेलेली कुत्री फरफटत आणून टाकायचे. गोदामात राहिलेली सरकी दोन पावसाळ्यांत सडली आणि तिला जो वास सुटला तो आमच्या कपड्यांत, अंथरुणांत, केसांत जाऊन बसला. शाळेत आम्हाला ‘जिनिंगच्या पोट्ट्या’ म्हणायचे, आणि म्हणताना नाक मुरडायचे.

आवाराच्या कोपऱ्यात संडासांची रांग होती, लाइनीतल्या सगळ्यांसाठी मिळून आठ. त्यांच्याखाली मैल्याची मोठी टाकी. आणि त्याच्याही मागं, टिनाच्या खोपटात, बाबूलालकाका, त्यांची बायको गेंदाबाई आणि त्यांची मुलगी मुन्नी. जिनिंगनं त्यांना संडास साफ करायला ठेवलं होतं. जिनिंग गेली तरी संडास होतेच, म्हणून ते राहिले. ‘काका’ हे मी आज लिहिते आहे. तेव्हा लाइनीतलं शेंबडं पोरसुद्धा त्यांना नुसतं ‘बाबूलाल’ म्हणायचं, एकेरीत, आणि मीही म्हणायचे. मुन्नी माझ्याच वर्गात होती. शाळेला आम्ही एकाच वेळी निघायचो, पण मी दहा पावलं पुढं आणि ती मागं. ते अंतर कुणी ठरवून दिलं होतं ते आठवत नाही. ती हळू चालायची की मी भरभर, तेही नाही. पण वाऱ्यानं तिच्या अंगाचा वास आला की मी ओढणी नाकाला लावायचे, हे पक्कं आठवतं. माझ्या ओढणीलाही तसलाच वास होता. तो मला यायचा नाही.

घरात आमच्याकडं बोलणं कमी आणि आवाज जास्त. मायचा भाकरी थापण्याचा आवाज, शेजारच्या सत्तारचाचांच्या घरातला रेडिओ, पलीकडच्या खोलीतलं भांडण, सगळं एकाच टिनाखाली. सत्तारचाचा गवंडी होते. त्यांच्या घरी ईदला शीरखुर्मा झाला की आमच्याकडं डबा यायचा आणि तो डबा माय परत पाठवायची तेव्हा त्यात पाटवड्या असायच्या. अंबाडीची भाजी आणि ज्वारीची भाकर, वर लाल मिरचीचा ठेचा आणि कच्चं तेल. बाबा काम सुटल्यावरही तसंच, मान खाली घालून, पोटभर जेवायचे. सायकली दुरुस्त करायला लागले होते ते. त्यांना वाचता यायचं, लिहिणं मात्र कष्टाचं होतं. माझं अक्षर चांगलं, म्हणून लाइनीतला प्रत्येक अर्ज मी लिहायचे. ‘सुमनचं अक्षर छापल्यावानी आहे,’ असं लोक म्हणायचे आणि मला फार बरं वाटायचं.

मी नववीत होते तेव्हा जागा सरकारकडं गेली, आणि लाइन पाडणार अशी हूल उठली. तेव्हा पूर्वी जिनिंगमध्ये वजनकाट्यावर असलेले देवरावभाऊ पुढं झाले. उंच, गोरे, बोलायला गोड. ते आणि बाबा कितीतरी वेळा कलेक्टर कचेरीच्या पायऱ्या चढले. शेवटी साहेबानं सांगितलं, रहिवाशांनी गृहनिर्माण संस्था काढावी, आवार स्वतः साफ करावं, स्वतःच्या मेहनतीनं बांधावं. सामानाला सरकारी योजनेतून मदत मिळेल आणि घरं नावावर होतील. ठेकेदार नाही, बिल्डर नाही. देवरावभाऊ अध्यक्ष झाले आणि बाबा सचिव. त्या दिवशी बाबांनी इस्त्रीचा सदरा घातला, आणि मी माझ्या छापल्यासारख्या अक्षरात संस्थेचा पहिला ठराव लिहिला. खरं सांगते, तो काळ सुंदर होता. म्हणूनच त्याची मला आज जास्त शिसारी येते.

दर रविवारी सगळी लाइन आवारात उतरायची. बाया पदर खोचून सडकी सरकी घमेल्यांनी भरायच्या, पुरुष काटेरी बाभळी तोडायचे. सत्तारचाचा दोरी बांधून, चुना टाकून घरांच्या रेषा आखायचे, आणि आम्ही पोरी त्या पांढऱ्या रेषांच्या आत उभ्या राहून ‘हा सैपाक, इथी झोपाचं’ असं खेळायचो. दोन खोल्या, मोरी, स्वतंत्र संडास आणि मागच्या भिंतीला खिडकी. चाचा बायांना म्हणायचे, “वीट पाण्यात बुडवून घ्या बाई, तहानलेली वीट सिमेंट पिऊन टाकते.” मायला हे फार आवडलं होतं. घरी आली की तेच सांगत बसायची.

मग काम टाकीपाशी येऊन अडलं. नकाशाप्रमाणं घरांची एक अख्खी रांग त्या मैल्याच्या टाकीवरून जात होती. टाकी उपसून भरल्याशिवाय पाया घेता येत नव्हता. नगरपालिकेची गाडी आली, नळी टाकली, आणि माणसं म्हणाली, वर्षानुवर्षांचं दगडासारखं झालं आहे, ते नळीनं निघत नाही. श्रमदानाला येणारे सगळे त्या रविवारी टाकीच्या काठावर उभे राहून आत पाहत होते आणि नाकातोंडाला फडकी लावत होते. मग हळूहळू सगळ्यांच्या माना खोपटाकडं वळल्या. मीही त्यात होते.

बाबूलालकाका आले. टाकीत पाहिलं. देवरावभाऊंनी त्यांना मजुरी सांगितली. काका म्हणाले, “मजुरी नको भाऊ. मलेबी घर द्या. याच वस्तीत.”

“घर?” देवरावभाऊ थोडे थबकले. मग सगळ्यांच्या देखत मोठ्यानं म्हणाले, “दिलं! बेचाळीस तं बेचाळीस, त्रेचाळीस करू. नामदेव, लिहून घे. बाबूलालचं घर आपल्याच रांगीत.”

नामदेव म्हणजे माझे बाबा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. नकाशात कडेला मोकळी जागा होती, तिथं सत्तारचाचांनी त्रेचाळिसावा चौकोन आखला.

आठ दिवस काका कमरेला दोर बांधून टाकीत उतरले. वर गेंदाबाई आणि तिचा भाऊ बादल्या ओढायचे. उतरण्याआधी काका गुळाचा खडा तोंडात धरायचे. दोनदा त्यांना आत भोवळ आली आणि दोरानं ओढून वर काढावं लागलं. चुन्यासारखा पांढरा चेहरा, डोळे उघडे, आणि ओकारीसुद्धा पुरती निघत नव्हती. आम्ही दारांना गोणपाटं लावून घरात बसलो होतो. संध्याकाळी काका नळाजवळ येऊन अंतरावर उभे राहायचे. नळाला त्यांनी हात लावायचा नव्हता. माय बादलीनं लांबून पाणी ओतायची आणि म्हणायची, “सर तिकडं, शिंतोडे उडून राहिले.” ज्या माणसानं आमच्या घरांचा पाया मोकळा केला त्याला माझी आई असं म्हणायची, आणि ती वाईट बाई नव्हती. शेजारच्या बाळंतिणीला स्वतःच्या घासातलं देणारी होती. हे दोन्ही एका बाईत कसं राहतं, ते मला अजून समजलेलं नाही.

टाकी भरली, पाया भरला, त्या दिवशी आवारात रोडग्यांचा कार्यक्रम झाला. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले रोडगे, तूप, वांग्याची झणझणीत भाजी. सगळी लाइन एका पंगतीला बसली. हिंदू, मुसलमान, बौद्ध, असं पूर्वी कधी झालं नव्हतं. देवरावभाऊंनी त्यावर भाषणही केलं. गेंदाबाईचं कुटुंब पंगतीत नव्हतं. त्यांना पत्रावळीवर वाढून खोपटात पाठवलं. ती पत्रावळ मीच नेली होती आणि खोपटाबाहेरच्या दगडावर ठेवून, “घ्या,” म्हणून परत फिरले होते. मुन्नी दारात उभी होती. मला वाटलं, ती काहीतरी बोलेल. ती पत्रावळ उचलून आत गेली.

भिंती उभ्या राहिल्या. टिनं आली. घरवाटपाची चिठ्ठी काढायची ठरली, आणि त्याआधी यादी कलेक्टर कचेरीत द्यायची होती. एका दुपारी आमच्या खोलीत कमिटी बसली. मायनं चहा केला. देवरावभाऊ बराच वेळ इकडचं तिकडचं बोलले, मग बशी खाली ठेवून म्हणाले, “बाबूलालशी माहं काई भांडन नाई. मानूस सोन्यावानी आहे. पन चिठ्ठी कोनाच्या बाजूची निघन? तुमच्या बाजूची निघाली तं? भिंतीले भिंत आहे. नामदेव, तुले पोरीचं लग्न कराचं आहे नं?”

बाबांनी माझ्याकडं पाहिलं नाही.

“शब्द दिला होता आपन,” ते एवढंच म्हणाले.

“दिला होता. पन जुन्या रहिवाशांच्या मस्टरवर त्याचं नाव कुठी आहे? तो लाइनीत रायतच नोता. हे मी नाई म्हनत, कागद म्हनते. त्या जागेवर आपन समाजाचा हॉल बांधू. सगळ्यांच्याच कामी येईन.”

सत्तारचाचा भिंतीला टेकून बसले होते. ते म्हणाले, “चिठ्ठीत नका टाकू त्याले. माह्या बाजूचं घर द्या. मले काई तकलीफ नाई.”

“तुमाले नाई हो चाचा,” देवरावभाऊ हसून म्हणाले. “पन त्याच्या दुसऱ्या बाजूले जो येईन, त्याले विचारलं काय? आन् एका घरासाठी अख्खी यादी अडकली तं बेचाळीस घरं रस्त्यावर येतीन. ते पाप तुमी घेता काय?”

चाचा गप्प झाले. सगळेच गप्प झाले, आणि ती गप्प बसण्याची रीत मी नीट पाहिली. कुणी विडी चाचपत होता, कुणी बशीतला उरलेला चहा निरखत होता. एकाच्याही तोंडून ‘नको’ निघालं नाही आणि एकानंही ‘हो’ म्हटलं नाही. असंच ते ठरलं.

बाबा सांगत गेले आणि मी लिहीत गेले. एक, दोन, तीन. बेचाळिसावं नाव लिहून झालं आणि ते थांबले. मी विचारलं, “बाबा, बाबूलालचं?”

“बेचाळीसच. खाली रेघ मार. त्याखाली सगळे सह्या करतीन.”

मी पट्टी ठेवून रेघ मारली. सरळ, एकसारखी. आणि आता जे लिहायचं त्यासाठीच हे प्रकरण लिहायला घेतलं : रेघ मारताना मला वाईट वाटलं नाही. मला सुटल्यासारखं वाटलं. चिठ्ठीत ते आमच्या शेजारी येतील, मुन्नी आणि मी एकाच भिंतीला पाठ लावून अभ्यास करू, मैत्रिणी काय म्हणतील, या विचारानं मी कितीतरी दिवस घाबरलेली होते. कमिटीतल्या माणसांची किळस मला पुढं आली. त्यांच्यात बसून माझीही भीती तीच होती, ही किळस त्याहून उशिरा आली, आणि ती गेलेली नाही.

चिठ्ठीच्या दिवशी आवारात मांडव घातला होता. टेबलावर पितळी घागर, तिच्यात चिठ्ठ्या. प्रत्येक घरातलं एक माणूस येऊन चिठ्ठी काढत होतं, नंबर पुकारला जात होता, टाळ्या होत होत्या. गेंदाबाई नवं हिरवं लुगडं नेसून आली होती. हातात नारळ. बाबूलालकाकांनी अंगात पांढरा सदरा घातला होता आणि ते मांडवापासून लांब, उन्हात उभे होते; टेबलाजवळचं बोलणं तिथवर पोचत नव्हतं. चिठ्ठी मुन्नी काढणार होती. तिनं केसांना तेल लावून दोन वेण्या घातल्या होत्या. आमचा सतरा नंबर निघाला, मायनं मला जवळ ओढलं, मी हसले. बेचाळीस चिठ्ठ्या झाल्या. मुन्नी पुढं आली. तिनं घागरीत हात घातला, आत फिरवला, मग घागर वाकडी करून आत पाहिलं.

“हमारी चिठ्ठी?” गेंदाबाईनं विचारलं.

“तुमचं मंग पाहू बाई,” देवरावभाऊ म्हणाले. “कचेरीनं नाव कापलं. आमच्या हातात नाई.”

मुन्नीनं टेबलावरची यादी उचलली. कुणी तिला अडवलं नाही. ती वाचेल असं बहुतेक कुणाच्या डोक्यातच आलं नसावं. तिनं वरपासून खालपर्यंत बोट फिरवत वाचलं, रेघेपाशी थांबली, आणि सरळ माझ्याकडं पाहिलं.

“अक्षर तुझं आहे,” ती म्हणाली.

मी मायच्या मागं सरकले.

गेंदाबाई ओरडली नाही, रडली नाही; खरं कारण तिला कुणी सांगावं लागलं नाही. तिनं देवरावभाऊंना विचारलं, “टाकीत उतरला तवा तं बाजूले कोनी उभं नोतं रायत. मंग आता बाजूची कायची फिकर पडली तुमाले?” आणि उत्तराची वाट न पाहता ती त्या त्रेचाळिसाव्या चौकोनाकडं चालत गेली. तिथं जोत्याच्या चार विटा लागल्या होत्या. त्यावर तिनं नारळ फोडला. हातानंच, सावकाश खोबरं काढून त्याचे तुकडे केले, पदरात घेतले आणि मांडवात परत आली. एकेकासमोर थांबायला लागली. “प्रसाद है. घर का प्रसाद है.”

हे सगळं भर दिवसा, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत चाललं होतं. कुणी हात जोडत होता, कुणाचा उपास निघाला, कुणी लेकराला उचलून बाजूला झाला. देवरावभाऊ कागद गोळा करू लागले. मायचा हात वर आला आणि परत पदराखाली गेला. सत्तारचाचांनी तुकडा घेतला, तोंडात टाकला, चावून खाल्ला, आणि मान खाली घालून म्हणाले, “बहन, दस्तखत मैंने भी किया है.” ती पुढं सरकली. माझ्यासमोर आली. मी हात पुढं केला, तुकडा घेतला, मूठ मिटली. ती गेल्यावर मी मांडवाच्या मागं गेले आणि मूठ नालीवर उघडली. ओली बोटं फ्रॉकला पुसली, तीही नीट, दोन्ही बाजूंनी.

खोपटाच्या जागेवरून वस्तीचा रस्ता जाणार होता. महिन्याभरात ते पाडलं. सामान हातगाडीवर टाकून ते तिघं गेले. अमरावतीकडं, असं कुणीतरी म्हणालं. आम्ही सतरा नंबरात राहायला आलो. मागच्या खिडकीतून छान वारा यायचा. पहिल्या रात्रीचं जेवण मायनं गोळाभात आणि कढीचं केलं होतं, आणि मी ताट बाजूला सारलं. आजारी आहे म्हणाले. मग बाबांना विचारलं, “तुमी कावून काई बोलले नाई?”

“मी एकटा काय करत होतो सुमन?” ते म्हणाले. “तुह्यासाठीच केलं सारं.”

यापेक्षा घाण वाक्य मी पुढच्या आयुष्यात ऐकलं नाही, आणि ते माझ्यावर सगळ्यात जास्त माया करणाऱ्या माणसाचं होतं. दहावीनंतर अमरावतीला हॉस्टेलवर गेले, डीएड केलं, तिथंच नोकरी लागली. तेव्हापासून अकोल्याला गेले ती पाहुणी म्हणून. पण फार शहाणपणा मिरवायला जागा नाही मला. त्रेचाळिसाव्या चौकोनावर खरोखरच हॉल झाला, दर्शनी भागात संगमरवरी पाटी लागली, पाटीवर दुसरं नाव बाबांचं. माझं लग्न त्याच हॉलात लागलं. मी ‘इथं नको’ म्हणाले नाही.

निवृत्त झाल्यानंतर एकदा नवऱ्याच्या पायाचं ड्रेसिंग करून घ्यायला अमरावतीच्या एका दवाखान्यात बसले होते. आतून पांढऱ्या केसांची सिस्टर आली, केसपेपर पाहिला, आणि मला म्हणाली, “जिनिंगची सुमन नं तू?” मुन्नी. तिनं नवऱ्याची जखम धुतली, पू काढला, पट्टी बांधली. जराही तोंड वाकडं न करता. जाताना म्हणाली, “बडनेरा रोडले राहतो आमी. ये एखादवेळी.”

मी गेले. तीन खोल्यांचं स्वतःचं घर होतं. तिनं चहा दिला, मी प्यायले, आणि ज्यासाठी गेले होते ते बोलायला लागले तशी ती म्हणाली, “रायू दे. तू पंधराची होती. मीबी.” मग म्हणाली, “माहा बाप दर दिवाळीनंतर यष्टीनं अकोल्याले जाये, तुले माहीत नसंल. तुह्या बाबाजवळ. तुहे बाबा त्याले हॉलाबाहेरच्या झाडाखाली बसवत, चहा पाजत, अन् सांगत का कचेरीनं नाव कापलं, मी भांडून राहिलो, पुढच्या यादीत तुहं नाव येईन. वीस-बावीस वर्षं गेला तो.”

मला हे ठाऊक नव्हतं. बाबांनी कधी सांगितलं नाही, मायनंही नाही.

“अन् तू त्यांना खरं सांगितलं नाहीस? तू तर यादी वाचली होती.”

“यादी वाचली होती. अक्षर ओळखलं होतं.” तिनं माझ्या हातातला रिकामा कप घेतला आणि खाली ठेवला. “मायनं आन् मी ठरवलं, त्याले नाई सांगाचं. टाकीत उतरून त्याची छाती तं गेलीच होती. आशा कायले न्याची?”

बाहेर भाजीवाला ओरडत होता. ती खिडकीकडं पाहत होती.

“तुहे बाबा गेल्याचं कळलं तवा तो दोन दिवस जेवला नाई,” मुन्नी म्हणाली. “म्हने, त्या वस्तीत आपला एकच मानूस होता.”